माहेरचं नाव

जर्सी सिटीहून गाडीने पाऊण तासावर एक जुनं दगडी घर आहे. रविवारी मी तिथे फुकट राबते, म्हणजे आलेल्या लोकांना घर दाखवते. घर बांधलं नातवाने, पण मी गोष्ट सांगते ती त्याच्या आजीची. हॉलंडहून ती जहाजाने आली. वाटेत तिचं तान्हं मूल गेलं आणि ते समुद्रात सोडावं लागलं. इथे नवरा दलदलीतलं गवत कापायचा, ती लोणी काढायची, नदीपार जाऊन विकायची आणि बीव्हरच्या कातड्यांचा व्यापार करायची. सौद्यांवर नाव तिचं स्वतःचं असे, अमक्याची मुलगी असं. डच बायका लग्नानंतरही बापाचंच नाव लावत. पुढे इंग्रजांचं राज्य आलं, हळूहळू ती रीत मोडली आणि तिच्या नाती नवऱ्याच्या नावाने ओळखल्या जाऊ लागल्या.

मला ही बाई आवडते, पण तिची आरती ओवाळायला मी तिथे जात नाही. तिच्या चुलीपाशी एक गुलाम बाई राबायची आणि तिचं नाव आज कुणालाही ठाऊक नाही. हे सांगितलं की लोक खाली बघतात. बघू देत.

मागच्या उन्हाळ्यात आईबाबांना तिथे नेलं. पुण्याहून ते दोघं कायमचे माझ्याकडे राहायला आलेत. आईला विसरण्याचा आजार आहे. बाबा नावं ठेवण्यात पटाईत. दारावरच्या पाटीवर त्या डच आजीचं आणि तिच्या नवऱ्याचं अशी नावं त्यांनी चष्मा वर करून वाचली आणि खालच्या आवाजात मला विचारलं, "काय गं, यांचं लग्न झालं नव्हतं का?"

मी त्यांना डच रीत सांगितली.

"मग एक कुटुंब आहे हे कळायचं कसं?"

मी चिडले. "बाबा, तुम्ही तर आईचं पहिलं नावही शिल्लक ठेवलं नाहीत."

त्यांनी चष्मा खाली घेतला. लग्नात ताटभर तांदळात त्यांनी अंगठीने आईचं नवं नाव लिहिलं होतं. ते नाव त्यांनी स्वतः शोधलेलं. आजही ती हाक ते अशी मारतात की ऐकणाऱ्याला आपणच चोरून ऐकल्यासारखं वाटतं. मी बोलायला नको होतं असं नाही, पण तिथे, सगळ्यांसमोर, नको होतं.

थंडी सुरू झाली तशी आई त्या नावाला ओ देईनाशी झाली. मग जेवेनाशी झाली. बाबा वरणभाताचं ताट घेऊन समोर बसत, हाक मारत, आणि ती भिंतीकडे बघत राही. माझी मुलगी म्हणायची, "आजी, प्लीज, जस्ट वन बाइट." मी "आई" म्हटलं तर ती मागे वळून बघायची, तिची आई कुठे दिसते का ते. डॉक्टरांनी सांगितलं, असंच चाललं तर नळी घालावी लागेल. घालूनही फार दिवस निघणार नाहीत, हे त्यांनी बोलून नाही दाखवलं, पण मला कळलं.

"बाबा, माहेरच्या नावाने हाक मारून बघा ना," मी म्हणाले. मला स्वतःला ते जमत नव्हतं. आईला नुसत्या नावाने हाक मारायला माझी जीभच वळेना.

बाबांनी मान हलवली. "त्या नावाची मुलगी मला ओळखत नाही गं."

मला त्यांचा संताप आला. माणूस उपाशी मरतंय आणि यांना आपल्या नावाचं पडलंय! मग त्यांचा चेहरा बघितला. ते हट्ट करत नव्हते, घाबरले होते.

दोन दिवसांनी दुपारी ओट्यापाशी भांडी घासताना मला ते नाव ऐकू आलं. इतकं हळू, की मला वाटलं बाबा स्वतःशीच बोलले.

"ओ!" आई चटकन वळली. तिने बाबांकडे नीट पाहिलं, पदर नसलेल्या स्वेटरवरून हात फिरवून पदर सारखा केला. "काका, तुम्ही कोणाकडे आलात? बाबा घरी नाहीत."

बाबांच्या हातातला चमचा ताटात पडला. मी नळ बंद केला.

"थांबतो मी," ते म्हणाले.

"मग जेवून जा. पाहुणा उपाशी गेला तर आई रागावते." तिने ताट त्यांच्याकडे सरकवलं.

"तूही बस. एकट्याला घास उतरत नाही मला."

ती लाजली, थोडी मागेपुढे झाली आणि बसली. किती तरी दिवसांनी आईने आपल्या हाताने भात कालवला.

तेव्हापासून बाबा रोज दुपारी आपल्याच बायकोकडे पाहुणे म्हणून येतात, आणि ती जेवते.