गोजराच्या हळदीचं लुगडं

बेलापूरपासून उरणपर्यंत गेल्या पंचवीस वर्षांत ज्यांची लग्नं झाली, त्यांतल्या बहुतेकांच्या हळदीला गोजराचा आवाज वाजलेला आहे. कुणाच्या मांडवात ती स्वतः उभी राहून गायली, कुणाकडे तिची कॅसेट लागली. दिवाळे गावच्या कोळीवाड्यातली ही मुलगी आईबरोबर मासळी विकायला बसायची आणि गिऱ्हाईक नसलं की गायची. तिथूनच एका कॅसेट कंपनीवाल्यानं तिला नेलं. शहरातल्या लोकांना तिचं नावही ठाऊक नव्हतं, पण आगरी-कोळ्यांत ती स्टार होती.

तिचा नवरा देवजी अगदी उलट. चार माणसांत बोलायची वेळ आली की मान खाली. त्याची स्वतःची होडी होती, आणि खाडीत एकटं असलं की त्याला बरं वाटायचं. लग्न ठरलं तेव्हा गोजरा आधीच नावाजलेली होती. तिच्या हळदीला एवढी माणसं लोटली की मांडव पुरेना. लोक जेट्टीला बांधलेल्या होड्यांत जाऊन उभे राहिले. आपल्याच हळदीत नवरी गात नाही. गोजरा मात्र माखलेल्या अंगानं पाटावरून उठली आणि माइक हातात घेऊन गायली. चार घरं पलीकडे आपल्या मांडवात बसलेल्या देवजीनं ते लाउडस्पीकरवर ऐकलं. आपल्यासाठीच गाते आहे हे त्याला कळलं, आणि आजूबाजूच्या बायकांनाही कळलं. त्या हसल्या, तसा तो लाजून उठून गेला.

चाळिशी ओलांडल्यावर गोजराची जीभ अडखळायला लागली. उलव्यातल्या एका हळदीत गाण्यातले शब्द घसरले, दोनदा घसरले. बाई टाकून आली आहे, असं कुणी तरी बोललं. कुणी तरी फोनवर व्हिडिओ काढला. आठवडाभरात तो पनवेलपर्यंत फिरला आणि तिला बोलावणी येणं बंद झालं. आयुष्यात तिनं दारूला हात लावला नव्हता.

मग दवाखाने सुरू झाले. एक डॉक्टर म्हणाला, घशाला सूज आहे. दुसरा म्हणाला, टेन्शन आहे. भगतही झाला. वर्षभरानं मुंबईच्या मोठ्या इस्पितळात क्षिप्रा नावाच्या डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं की, हालचाल करवणाऱ्या नसाच एकेक करून मरत चालल्या आहेत. मोटर न्यूरॉनचा आजार. यावर औषध नाही. तोवर गोजराला बोलता येत होतं ते एवढंच, की देवजीलाच समजावं. ती म्हणाली, "म्हंजे मी प्यालेली नव्हती, हे आता कागदावर हाय."

आवाज गेला, मग हात गेले, मग गिळणं. देवजीनं होडी बांधून ठेवली. पेज भरवायची, तोंड पुसायचं, कुशीवर वळवायचं, सगळं तो करी. शेवटी डोळेच राहिले होते. नारळी पुनवेच्या आधल्या आठवड्यात तेही मिटले. अंत्ययात्रेला गाव लोटला, आणि ज्यांनी तो व्हिडिओ पुढे पाठवला होता तेही आले.

इस्पितळातून आणलेलं कफ ओढायचं यंत्र परत करायला देवजी गेला, तेव्हा क्षिप्राबाई भेटल्या. हा आजार लवकर ओळखता यावा म्हणून त्या रुग्णांच्या रक्तावर अभ्यास करत होत्या. गोजरानंही आपलं रक्त दिलं होतं. आता निधी संपला, काम बंद पडणार, असं त्यांच्या बोलण्यात आलं. देवजी घरी आला आणि त्यानं लग्नाची पेटी उघडली. हळदीचं पिवळं लुगडं, मुंडावळ्या, त्याची लाल टोपी, मोठा फोटो, हळदीची व्हिडिओ कॅसेट. हे विकायचं आणि पैसे त्या कामाला द्यायचे, असं त्यानं ठरवलं.

उलव्याला दिलेली मुलगी सोनल धावत आली. आईच्या लग्नाच्या वस्तू बाजारात मांडणार? लोक काय म्हणतील? लुगडं तर तिनं मनातल्या मनात आपलंच धरलं होतं. ती खूप बोलली, रडली. देवजी ऐकून घेत राहिला. मग म्हणाला, "तुज्या आयला लोकांनी दारुडी केली. तिला काय झालता त्याचं नाव गावाला ठावं नाय. एकदा तरी ते माइकवर बोलू दे मना."

दुसऱ्या दिवशी सोनलनंच लुगडं उन्हात धरलं, घडी घातली. त्यावरची चोळी मात्र तिनं आपल्या पिशवीत टाकली. "ही नाही द्यायची," एवढंच म्हणाली.

देवजीनं क्षिप्राबाईंना फोन केला, तेव्हा त्यांनी स्पष्ट सांगितलं, "काका, या पैशातून औषध निघेल असं मी म्हणणार नाही. कदाचित पुढच्या माणसाला एक वर्ष हिंडावं लागणार नाही. तेही कदाचित." देवजी म्हणाला, तेवढं पुष्कळ झालं.

गावच्या समाज हॉलमध्ये लिलाव झाला. पार उरणहून माणसं आली. सुरुवातीला पडद्यावर हळदीचा व्हिडिओ लावला. गोजरा उठली, माइक घेतला, आणि तो आवाज हॉलमध्ये भरला. ती गाताना कशी दिसत होती हे देवजीनं त्या दिवशी पाहिलं नव्हतं, आणि आताही त्याला पाहवेना. तो बाहेर जेट्टीवर जाऊन उभा राहिला. गाणं संपल्यावर आत आला आणि त्यानं माइक धरला.

"माजी बायको प्यालेली नव्हती. तिला आजार होता. मोटर न्यूरॉन म्हनतात त्याला."

त्यानं माइक खाली ठेवला. मागच्या रांगेतून एक माणूस उठून निघून गेला.

मग बोली लागली. फोटो गेला, मुंडावळ्या गेल्या, टोपी गेली, कॅसेट गेली. लुगडं केयूर नावाच्या ऑर्केस्ट्रावाल्यानं घेतलं. काचेत लावणार, असं तो म्हणाला. हळदीचे डाग धुऊ नकोस, असं सोनलनं त्याला बजावलं.

माणसं पांगायला लागली, तेव्हा खांदेश्वरहून आलेली एक बाई देवजीपाशी येऊन थांबली. अरुणा तिचं नाव. मागे चाकाच्या खुर्चीत तिचा नवरा निशांत होता, चाळिशीचा, मान एका बाजूला कललेली. तिनं विकत काही घेतलं नव्हतं. "यांनापण तेच झालंय," ती म्हणाली. "ऑफिसातले म्हणायचे, हा पिऊन येतो. मी स्वतः यांचं तोंड हुंगलंय, काका." आणि ती रडायला लागली.

देवजीनं खुर्ची ओढली आणि निशांतच्या समोर बसला. घशात अडकतं का, विचारलं. निशांतनं हो म्हणून पापण्या मिटल्या. देवजीनं अरुणाला समजावलं की, पातळ पाणी देऊ नका, पेज दाट करून द्या, आणि घास घेताना हनुवटी छातीकडे घ्यायला लावा. तो बोलत राहिला. इतकं बोलताना सोनलनं त्याला कधी पाहिलं नव्हतं. दारात केयूर लुगडं गाडीत ठेवत होता. देवजीनं तिकडे पाठ केली होती.

क्षिप्राबाईंचं काम पुढे चालू राहिलं. अजून हाती काही लागलेलं नाही. देवजी दर सोमवारी खांदेश्वरला जायचा, निशांतला भरवायचा, अरुणाला तेवढा वेळ झोपू द्यायचा. निशांत यंदा चैत्रात गेला. त्यानंतरच्या सोमवारीही देवजी सवयीनं निघाला, पण स्टेशनपर्यंत जाऊन परत फिरला.