करंजाच्या पिकअपचा बोल्ट

पाऊस सरून दहा दिवस झाले होते, आणि ऊन असं की सकाळी आठलाच शेडचा पत्रा तडतडायला लागला. वारा नाही. न्हावा शेव्याकडे चाललेल्या ट्रेलरांनी उडवलेली धूळ वर उठायची आणि खाली बसायचं विसरून जायची. आनंदा बनियनवरच खड्ड्यात उतरला, डोक्यावरच्या पिकअपच्या पोटाकडे त्यानं बघितलं आणि तेलाच्या बुधलीची चोच पुन्हा त्याच बोल्टाला लावली. डिझेल आणि ब्रेक ऑइल, निम्मं निम्मं. काल दुपारपासून ही सातवी खेप.

"पितोय का रं?" वरून तुळशीरामनं विचारलं.

"पितोय कुठला. तोंड धुतोय नुसता."

तुळशीराम उरणजवळच्या करंजाचा. पंधरा वर्षं झाली, पहाटे बंदरावर मासळी भरायची आणि उजाडेस्तोवर पनवेलच्या बाजारात उतरवायची, हे त्याचं आणि त्याच्या बायकोचं, रमाचं, काम. गाडी तो चालवायचा, मासळीचा लिलाव ती घ्यायची. आता गाडी डावीकडे ओढत होती. नवा टायर दोन महिन्यांत आतल्या बाजूनं तारेपर्यंत खाल्लेला. परवा गाडीचं आरटीओ पासिंग व्हायचं होतं. ते झालं नाही तर गाडी उभी, आणि गाडी उभी म्हणजे साठीचा तुळशीराम घरी आणि रमा पुन्हा डोक्यावर पाटी घेऊन सहा आसनी रिक्षात. तिच्या गुडघ्यांना आता जिना चढवत नव्हता, पाटी कुठली.

दोन दुकानांनी गाडी परत पाठवली होती. पुढच्या चाकाचा कल एका बोल्टावर बसवतात. त्याच्या डोक्याला मध्य चुकवून भोक पाडलेली चकती असते. बोल्ट फिरला की चाकाला धरणारा आर्म आतबाहेर सरकतो, चाक सरळ उभं राहतं. पण बोल्ट फिरायला हवा. दोन्ही दुकानांत कंप्युटर होता, त्यावर आकडे लाल दिसले, आणि दोन्हीकडे पोरांनी हात झटकून एकच सांगितलं, 'आनंदाकडे जा.'

आनंदाचं नाव होतं ते एवढ्यासाठीच. ओवे गावातल्या त्याच्या भावकीनं सरकारनं घेतलेल्या जमिनीच्या बदल्यात मिळालेल्या प्लॉटांवर इमारती चढवल्या, गाड्या घेतल्या, कुणी बिल्डर झाला. आनंदाच्या वाट्याला, सहा भावांत वाटता वाटता, हा रस्त्याकडेचा तुकडा आला. त्यावर त्यानं शेड टाकली आणि एकतीस वर्षं अडकलेले बोल्ट सोडवले. घण तो शेवटी उचलायचा. आधी तेल, मग अर्धा तास छोट्या हातोडीची टकटक, मग गॅसची बत्ती, आणि लोखंड लाल व्हायच्या जरा अलीकडे त्यावर मेणबत्ती टेकवायची. मेण वितळून आट्यांत शिरतं. भावकीतले लोक हसायचे, "आनंदा बोल्टाची पूजा करतोय." तोही हसायचा. एकतीस वर्षांत कापायची वेळ त्याच्यावर चार वेळा आली होती. चारही गाड्यांचे नंबर त्याला पाठ होते.

नऊच्या सुमारास नट सुटला. 'कट्' असा आवाज झाला आणि पाना एकदम हलका झाला. वर टायरावर बसलेल्या रमानं हात जोडले.

"बघ," तुळशीराम म्हणाला, "मी बोललो नव्हतो? आनंदाच्या हाताला यश हाय."

 आनंदानं पान्याला चार फुटी पाइप अडकवला आणि अंग टाकलं. बोल्ट फिरला. पाव वळसा, त्याहून थोडा जास्त. त्यानं पाइपवरचा हात काढला, तर पाइप आपसूक मागे आला. जागच्या जागी.

"फिरला ना?" तुळशीरामनं विचारलं.

"नाय फिरला. रबर पिळवटला." त्यानं कपाळ पुसलं. "बोल्ट आतल्या नळीला धरून बसलाय, दादा. दोघं एकजीव झालेत. मी पिळतो तवा भोवतीचा रबर पिळतो, सोडला की जागेवर."

बत्ती झाली. मेण झालं. रबर जळून काळा धूर शेडभर झाला, रमा पदर नाकाला लावून बाहेर जाऊन उभी राहिली. बोल्ट तसाच. आनंदा खड्ड्यातून वर आला, तांब्याभर पाणी प्याला, आणि तुळशीरामकडे न बघता म्हणाला, "कापावा लागंल. आर्म जुन्या बाजारातून आणू."

"काप मग. इचारतोस काय?"

कापायच्या आधी जागा साफ करायला त्यानं छन्नी घेतली. बोल्टाला धरणारा कान चेसिसला जिथं जोडलेला असतो तिथला गंज उडवायचा होता. पहिला घाव घातला. टण्ण आवाज यायला हवा होता. आला तो थप्प, ओल्या पुठ्ठ्यासारखा. दुसरा घाव त्यानं घातलाच नाही. स्क्रू ड्रायव्हर टेकवून दाबला तर तो मुठीपर्यंत आत गेला. लोखंडाचे पापुद्रे त्याच्या छातीवर, दाढीत पडले. त्यानं उजव्या बाजूला तपासलं. तिथंही तेच.

त्यानं छन्नी खाली ठेवली.

"दादा, गाडी धुतोस कशानं?"

"धुवाला काय झालंय तिला? रोज धुतो!" तुळशीरामला तो आरोप वाटला. "एक दिस चुकला नाय. पावसात बी. बंदरावर होडीचा पंप असतो ना, डेक धुवाचा, त्यो खालून मारतो. काय फोर्स हाय! मासळीचा कन राहत नाय."

"होडीचा पंप."

"मंग? गोडं पानी तिथं बरफालाच पुरत नाय."

आनंदाचा आजा मिठागरावर होता. मिठागरातल्या फळ्यांचे खिळे त्यानं लहानपणी बोटानं चुरलेले होते. पंधरा वर्षं, रोज, खालून, फोर्सनं. छातीवरचा एक पापुद्रा त्यानं बोटानं चुरला, आणि रमानं ते वरून बघितलं. ती खड्ड्याच्या काठाशी आली.

"भावजी, खाऱ्या पान्यानं झालं काय?"

"वय झालं गाडीचं, वयनी. लोखंड हाय."

"माझी चारुता लग्नाची होती तवा," रमा म्हणाली, "बघाला पाव्हणे यायचे. गल्लीत वास नको म्हणून मीच यांना बोलले, गाडी बंदरावर धुवूनच गावात आना. मंग लगीन झालं, तरी मी बोलतच राहिले."

"गप गं," तुळशीराम म्हणाला. मग आनंदाला, "पत्रा मार. वेल्डिंग कर. पासिंगपुरतं."

"कशाला मारू? पत्रा धराला खाली लोखंड पायजे ना. हितं बिस्कीट हाय."

"लोक मारतात."

"मारतात. मी मारून दिला आन् परवा ट्रेलरांच्या मधी चाक सुटलं, तर तू एकटा नसतोस गाडीत. वयनी असते."

"तुझं काय जातंय!" तुळशीरामचा आवाज चढला. "भावकी इमारतीत राहती, तू शेडात बसून शहाणपन शिकव. नसंल येत तर सांग. नट लाव, मी जातो दुसरीकडे."

आनंदा खड्ड्यातून वर आला. नट त्याच्या हातात होता. त्यानं तो पुसला आणि पॅन्टच्या खिशात घातला.

"नट लावत नाय, दादा. गाडी हितंच राहील."

तुळशीराम त्याच्या अंगावर यायला निघाला आणि दोन पावलांवर थांबला. त्याचे हात आपोआप खाली आले. मग तो गाडीकडे वळला आणि बॉनेटवर तळवा ठेवून उभा राहिला. रमानंच केबिनचं दार उघडलं. आतला वजनकाटा काढला, टोपल्या एकात एक घातल्या, डॅशबोर्डवरची देवीची तसबीर काढून पदरात बांधली. सीटमागचा फाटका रेनकोट तिनं हातात घेतला, बघितला, परत ठेवला.

"उद्या कोन आनील मासळी?" ती कुणालाच उद्देशून नसल्यासारखं म्हणाली.

 आनंदानं टोपल्या रस्त्यापर्यंत उचलून नेल्या आणि उरणकडे जाणारी रिक्षा थांबवली. बसताना रमाला पाय वर घेता येईना, त्यानं कोपराला आधार दिला. तुळशीराम बसला तो तोंड फिरवून. आनंदानं "येतो मी करंजाला, बोलू आपन" म्हटलं.  रिक्षा ट्रेलरांमध्ये शिरली.

तो परतला तर शेडच्या तोंडाशी एक दूधवाला मोटरसायकल घेऊन उभा होता, मागचं चाक बसलेलं. पाठ असलेल्या त्या चार नंबरांत आता पिकअपचा पाचवा, आनंदाच्या मनात आलं. फक्त या वेळी कापायलासुद्धा काही उरलं नव्हतं.

"लवकर होईल ना, शेठ? दूध नासंल."

"सावलीत घे," आनंदा म्हणाला. त्यानं टायर उघडला, ट्यूब ओढून काढली, हवा भरली आणि घमेल्यातल्या पाण्यात बुडवून, बुडबुडा कुठून येतो ते बघत, वीतवीत फिरवायला लागला.