नंबर माझाच टाकते

लाखांदूरच्या आमच्या अभ्यासकेंद्राच्या दारावर 'ऑनलाइन विद्यार्थी साहाय्य कक्ष' अशी पाटी आहे. कक्ष म्हणजे झेरॉक्सच्या दुकानामागची एक खोली, दोन संगणक आणि मी. घरबसल्या शिका, असं वरचे साहेब लोक म्हणतात. त्यासाठी माणूस घरी बसलेला असावा लागतो, हे त्यांना कोणी सांगितलेलं दिसत नाही. आमचे विद्यार्थी धानाच्या रोवणीला जातात, जंगलात तेंदूपत्ता तोडायला जातात, आणि उरलेल्या वेळात घरातल्या एकुलत्या एक मोबाइलवर शिकतात. पासवर्ड विसरायचं काम त्यांचं, तो काढून द्यायचं माझं.

प्रवेशाच्या अर्जात मोबाइल नंबरचा रकाना असतो. तिथे मी सरसकट माझा नंबर टाकायची. आमच्याकडे ही रीतच आहे. अर्ज बँकेचा असो की दाखल्याचा, भरून देणारा आपलाच नंबर घालतो. लोकांचे नंबर टिकत नाहीत, रिचार्ज संपला की पडले बंद. कोड यायचा तेव्हा फोन लागत नाही आणि अर्ज अडकतो. माझ्या नंबरवर सगळं कसं सुरळीत व्हायचं. या हुशारीचा मला अभिमान होता, हे सांगताना आज लाज वाटते.

ती तलावाकाठच्या गावातली, ढिवरांच्या म्हणजे मासेमारांच्या घरातली. तिशीतली असेल. मत्स्यबीज संगोपनाच्या कोर्ससाठी एसटीने आली होती. गावच्या मासेमार सोसायटीला मासोळ्यांची पिल्लं वाढवायच्या छोट्या तळ्यावर, म्हणजे बोडीवर, देखरेखीला माणूस ठेवायचा होता, आणि अट होती प्रमाणपत्राची. पावसाळ्यात बीज सोडायच्या आधी ते हातात आलं तर जागा तिची. मासोळी विकत गावोगाव हिंडणं सुटेल, एवढंच तिला हवं होतं.

मी अर्ज भरत होते आणि ती वाकून पाहत होती.

"मॅडम, हा नंबर कोनाचा व?"

"माझा."

"काहून? माझाच टाका ना. माझा चालू रायते."

"सगळे असंच म्हणतात," मी म्हटलं. "महिन्याभरात बंद पडतो. नंबर माझाच टाकते, तू निर्धास्त राहा."

वाकलेली ती सरळ झाली. मॅडमसमोर आणखी काय बोलणार?

अभ्यास मात्र तिने मन लावून केला. व्हिडिओ समुद्रावरचे होते. बोटी, बर्फाच्या पेट्या, मोठमोठी जाळी. एकदा केंद्रात बसून पाहताना ती खुदकन हसली. "मॅडम, आमच्या बोडीत हे जहाज कोठं घुसवू?" पण वहीत सगळं उतरवून घेतलं. पिल्लांना खाद्य किती, पाण्याचा रंग कसा ओळखायचा, हे तिला व्हिडिओतल्या गुरुजींपेक्षा जास्त ठाऊक होतं, असं माझं आजही मत आहे.

परीक्षा सकाळी दहाला, ज्याने त्याने आपापल्या मोबाइलवर द्यायची. आत जाण्यासाठी नोंदवलेल्या नंबरवर ओटीपी येणार होता. हे आदल्या दिवशी कळलं तेव्हाही मी घाबरले नाही. सगळ्यांना सांगितलं, लॉगिन दाबा आणि मला फोन करा, मी कोड सांगते. सांगताना मला जराही कळलं नाही की दहा वाजता सगळे एकदमच दाबणार.

दहा वाजले आणि माझा फोन थरथरायला लागला. कोडवर कोड. एकावरही नाव नाही. वरून फोन, एक घेतला की दुसरा कापला जातो. तिचा लागला तेव्हा मी सगळ्यात वरचा कोड वाचून दाखवला. चुकला. दुसरा सांगितला, तोही चुकला. "मॅडम, दमानं पाहा," ती म्हणाली. मी तिच्यावरच खेकसले, "पटकन टाक, वेळ संपतोय!" तिसरा चुकला आणि तिचं खातं बंद झालं. बाकीचे पडत-धडपडत आत गेले. ती बाहेर राहिली.

मदत क्रमांकावर दिवसभर संगीत ऐकलं. शेवटी एक अहवाल भरायला सांगितला. त्यात कारणाचे दोनच पर्याय होते: विद्यार्थी गैरहजर, किंवा विद्यार्थ्याकडील तांत्रिक अडचण. केंद्राची चूक असा पर्यायच नव्हता. मी दुसऱ्यावर खूण केली आणि मला सुटल्यासारखं वाटलं. नंतर रागारागात परीक्षेच्या मेसेजांचा आवाजही बंद करून टाकला. त्या टिंगटिंगीने डोकं उठलं होतं.

तिला मी सांगितलं, फेरपरीक्षा झाली तर कळवते.

पावसाळा तोंडावर आला तेव्हा ती केंद्रात आली. सोसायटीने बाहेरगावचा प्रमाणपत्रवाला माणूस घेतला होता. माझ्यापुढे बसून तिने सरळ विचारलं, "मॅडम, दुसऱ्या पेपरचा मेसेज आलता का?"

मी फोन काढला. सगळ्या विद्यार्थ्यांच्या न वाचलेल्या मेसेजांच्या गर्दीत तो होता. तिचं नाव, तारीख, वेळ. तारीख उलटून आठवडा झाला होता.

"नाही आला," मी म्हटलं.

तिने मान हलवली. मग पिशवीतून पळसाच्या पानात बांधलेले झिंगे काढून टेबलावर ठेवले. "तुमी माझ्यासाठी लय धावपड केली मॅडम. घ्या, ताजे हायेत." मी नको म्हणायला हवं होतं. घेतले. घरी जाऊन निवडले, रांधले आणि नवऱ्याला वाढले. तो म्हणाला, मस्त झालेत. मी वरणभातावर भागवलं.

अजूनही तिचा अधूनमधून फोन येतो. नव्या माणसाच्या हाताखाली माशांची पिल्लं मरायला लागली की तो तिलाच विचारायला येतो, असं मध्ये सांगत होती. शेवटी एकदा विचारतेच, पुढचा प्रवेश कधी आहे. मी सांगते, कळवीन.

फोन येतो तो त्याच नंबरवरून, जो मी अर्जात टाकला नव्हता. इतक्या दिवसांत तो एकदाही बंद पडलेला नाही.