हौदाचं पाणी

सगळे तिला गाजरआजी म्हणत, आणि गंमत अशी की चार वर्षं तिच्या शेतात गाजराचं एक पानसुद्धा नव्हतं. शेवटच्या पिकाला काळी कूज लागली. उपटलं की निम्मं गाजर हातात, निम्मं मातीत. रोग मातीत मुरलाय, म्हणजे त्याला उपाशी ठेवायचा, एवढं आजीला पक्कं ठाऊक. मग मका, गहू, पुन्हा मका, पुन्हा गहू. भावकी म्हणाली, म्हातारीला वेड लागलंय. लागू दे की! तिनं कुणाला भीक घातली नाही. पोटासाठी ती आणि सून दुसऱ्यांची गाजरं हौदात धुऊन द्यायच्या. ते गढूळ पाणी मात्र लांबच्या खड्ड्यातच सोडायचं, अशी आजीची सक्त ताकीद होती.

वय अडुसष्ट, गुडघे कामातून गेलेले. आपल्या मातीतलं निरोगी गाजर एकदा डोळ्यांनी बघायचं, बास. दुसरं काही मागणं नव्हतं बिचारीचं.

सगळं रान पेरण्याआधी तिनं मधोमध गाजराची एकच ओळ लावून पाहिली. तीन महिन्यांनी दोघी तिथं गेल्या. पाला कसा हिरवागार! आजीनं पहिलं गाजर ओढलं. देठाखाली काळं. दुसरं तसंच, तिसरंही तसंच.

"असं कसं झालं गं? चार वर्षं पथ्य पाळलंय मी!"

सुनेला रडू फुटलं. "आई, माझं चुकलं. गेल्या उन्हाळ्यात मका करपत होता. तुम्ही आजारी होता. हौदाचं पाणी मी इकडं वळवलं. गाळ खाली बसला होता हो, वरचं अगदी नितळ दिसत होतं. लोकांच्या गाजरांचा रोग त्यातून येईल, असं वाटलंच नाही."

"अगं, विचारायला तोंड नव्हतं तुला?" आजी कडाडली. मग तिनं हातातलं गाजर खाली ठेवलं. उभं पीक डोळ्यांदेखत वाळताना बघवत नाही, हे तिला कुणी सांगायला नको होतं. तरी जीव तुटायचा तो तुटलाच.

शेवटी ती म्हणाली, "मक्याचं बियाणं काढ. पुन्हा पहिल्यापासून चार वर्षं. मी काही तोवर पुरत नाही. तू मोज."

"मला नाही जमायचं, आई."

"तुलाच जमेल. ही चूक आता तुझ्या हातून जन्मात होणार नाही."

सुनेनं डोळे पुसले. "आणि चांगलं गाजर निघालं, तर आधी कुणाला दाखवू?"

"दाखवत बसू नकोस," आजी म्हणाली. "मधोमध चीर आणि आतून नीट बघ."