पंख्याची मोटर

मिल बंद झाल्यानंतरच्या भाद्रपदात वसंत जाधवनं घरातला छताचा पंखा उतरवला आणि त्याची मोटर झांकीतलं चक्र फिरवायला लावली. अनंत चतुर्दशीला इंदूरचे मिलवाले ट्रॉलीवर हलते देखावे मिरवतात, ती झांकी. मिल बंद पडली तरी कामगारांनी ती सोडली नव्हती. दुसऱ्या दिवशी त्याची बायको शालन त्याला पलासियाच्या माझ्या क्लिनिकमध्ये घेऊन आली. मी मानसोपचारतज्ज्ञ. तिच्या हातात पेढे होते.

वसंत मिलच्या लूमखात्यात, म्हणजे कापड विणणाऱ्या मागांवर, फिटर होता. आषाढात पहिल्यांदा आला तेव्हा बोलत नव्हता, जेवत नव्हता. नोकरी गेल्याचं दुःख बहुतेकांचं हळूहळू ओसरतं. काहींची उदासी सौम्य असते, पण वर्षानुवर्षं टिकते, ती डिस्थिमिया. वसंतचं मात्र तीव्र, म्हणजे मेजर डिप्रेशन दिसत होतं. याच्या उलट, कधी फार जोशात राहिलात का, हेही मी विचारलं होतं. दोघंही नाही म्हणाले. मी डिप्रेशनची गोळी सुरू केली.

आता तो खुर्चीत बसायला तयार नव्हता.

"डाक्टरसाहब, एकदम फस्क्लास. असं चक्र फिरवतो, अख्खं इंदूर बघेल."

"झोप?"

"झोप कोणाला पायजे?"

"दरसाल झांकीत हे असेच असतात," शालन कौतुकानं म्हणाली. "रातभर काम, सकाळी ताजे."

"आणि विसर्जनानंतर?"

"मग महिना-दोन महिने पडून. थकणारच ना."

"आषाढात विचारलं तेव्हा सांगितलं नाहीत."

"ही काय बीमारी आहे साहब? गल्लीत सगळे म्हणतात, सेवा करावी तर जाधव भियानं."

उदासी आणि असा अतिजोश आलटूनपालटून येतो, त्याला बायपोलर म्हणतात. त्यात नुसती डिप्रेशनची गोळी माणसाला कधीकधी आणखी वर चढवते. मी ती थांबवली. लिथियम लिहिलं. ते दोन्ही टोकं आवरतं, पण जास्त झालं तर विषारी ठरतं, म्हणून रक्त तपासत राहावं लागतं.

शालननं पेढे टेबलावर ठेवले. "इतक्या महिन्यांनी हे घरात बोलायला लागले. तुम्ही परत गप्प करणार?"

वसंत खिडकीपाशी गेला. "या दिवसांत लूम चालू असल्यासारखं ऐकू येतं साहब. ते पण जाईल?"

"बहुतेक जाईल," मी म्हणालो.

त्यानं लिथियम घेतलं नाही. दसऱ्याला तो पुन्हा अंथरुणात होता. दिवाळीआधी स्वतः चालत आला आणि म्हणाला, "लिहून द्या."

पुढच्या भाद्रपदातही मिल बंदच होती. वसंतनं झांकीचं काम फक्त दिवसा केलं. घरचा पंखा घरीच राहिला. मिरवणुकीला तो शालनबरोबर रस्त्याच्या कडेला उभा होता.

त्यानंतर तो तपासणीला आला.

"चक्र फिरलं?"

"मस्त फिरलं."

"लूम ऐकू आले?"

"नाही साहब."

रक्ताचा रिपोर्ट संध्याकाळी मिळाला. लिथियमची पातळी योग्य होती.