ताणावरच्या बागेत गोल्फ

डिसेंबरातल्या एका सकाळी माझा धाकटा भाऊ मधू अमरावतीत माझ्या दारासमोर जीप उभी करून हॉर्न वाजवत बसला. मागच्या सीटवर गोल्फची एक काठी आडवी ठेवलेली होती. एकच. खेळणारा एक अन् काठ्या ढीगभर कायले, असा त्याचा रोकडा हिशेब.

"चाल वं ताई. गोल्फ पाहाले जाऊन राहिलो."

"कोनाचा?"

"आपला. वऱ्हाडाचा."

मधूची वरूडला संत्र्याची बाग आहे. त्याच्या मुलीचं, तेजूचं, साक्षगंध (साखरपुडा) दिवाळीनंतर पुण्यात झालं. व्याही मोठ्या कंपनीतून निवृत्त झालेले. उंच, गोरे, आणि बसले तरी इस्त्री न मोडणारे. जेवणं चालू असताना विहीणबाईंनी अगदी आपुलकीनं विचारलं, "तुमच्याकडे उन्हाळ्यात पाणी असतं का हो?" मधूला तो प्रश्न लागला. मग व्याह्यांनी विचारलं, "नाताळात तीन दिवस येऊ म्हणतो तिकडे. गोल्फची काही सोय?"

मधूनं आजवर कुठल्याही पाहुण्याला कशालाच नाही म्हटलेलं नाही. आमच्याकडे पाहुण्यानं वाघ मागितला तरी आधी "हाये नं!" म्हणतात आणि मग मेळघाटात जीप पाठवतात. शिवाय तो पाण्याचा प्रश्न अजून घशात अडकलेला. तो म्हणाला, "हाये नं साहेब! तीन-तीन मैदानं हायत. गाडीनं फिरवतो तुमाले. अन् शेतावर बी करता येते सोय." व्याह्यांच्या भुवया वर गेल्या. तेजू मान खाली घालून ताटातली जिलबी कुस्करत राहिली. बापाला ती जन्मापासून ओळखते.

तर आता नाताळाच्या आत ती तीन मैदानं शोधून काढायची होती. मला सोबत घेण्याचं कारण, गोल्फचे नियम इंग्रजीत आहेत आणि मी कॉलेजात शिकवत होते. मी इतिहास शिकवत होते, पण मधूच्या लेखी शिकलेलं माणूस म्हणजे सगळंच शिकलेलं. मीही कर्तव्यबुद्धीनं एक जाड पुस्तक आणून वाचलं. त्यावरून कळलं की या खेळात सर्वांत कमी गुण मिळवणारा जिंकतो. माझ्या पुष्कळ विद्यार्थ्यांचं इथं कल्याण झालं असतं.

बडनेरा सोडलं की मूर्तिजापूरपर्यंत रस्त्याच्या दोन्ही बाजूंना तूर आणि वेचून झालेली पऱ्हाटी (कपाशीची झाडं). कापसाचे ट्रक एवढे फुगवून भरलेले, की रस्त्याकडेच्या बाभळी त्यातला वाटा काढून घेतात; काट्याकाट्यावर पांढरे पुंजके. मधू गाडी चालवताना दोन्हीकडे पाहून म्हणत होता, "जागा तं मोप हाये आपल्याकडे." जागा भरपूर होतीच. पुस्तकात दाखवलेली हिरवळ मात्र थेट इंग्लंडातच राहिली होती.

अकोल्यातलं मैदान एका जुन्या क्लबचं. गोऱ्या साहेबांनी केलेलं, असं मधूला कोणीतरी सांगितलं होतं. साहेब गेले तसं ते बहुधा कोणी पाहिलंच नव्हतं. आत शिरल्यावर लाल गालिचा, प्लास्टिकच्या फुलांची कमान आणि कढईत तळले जाणारे भजे दिसले. चौकीदार खुर्ची उन्हात ओढून बसला होता.

"इथं गोल्फ कोठी खेळते भाऊ?" मधूनं विचारलं.

"गोल्फ? इथं लग्न लागते."

"पहिले खेळत होते म्हनतात."

"पहिले लय काही होत होतं." त्यानं मान वळवून स्टेजकडे बोट दाखवलं. "थो खड्डा होता नं त्याइचा, त्याच्यातच मांडवाचा खांब रोवला. बरा बसला. खोदाचं काम वाचलं."

आम्ही खांब पाहिला. खरंच बरा बसला होता. मधूनं काठी काढून तिथं एक फटका मारायचा आव आणला, तेवढ्यात आतून वधूपक्षाचे कोणी काका धावत आले आणि "तुमी बँडवाले काय?" असं विचारू लागले. उलगडा होईपर्यंत त्यांनी आम्हाला पानावर बसवलं होतं. नवरानवरीचं नावही माहीत नसताना मी मठ्ठा प्यायला, आणि चांगला होता.

रात्री माझ्याकडेच मुक्काम. त्याआधी गावात गिला वडा (तिखट, पातळ दह्यात बुडवलेला वडा) खाल्ला. मधू म्हणाला, "एक गेलं तं गेलं. दोन हायत." त्याच्या आशावादाला मी लहानपणापासून घाबरते.

दुसऱ्या दिवशी सकाळी अमरावतीतलं मैदान. हे खरोखरचं निघालं. तारांच्या कुंपणापलीकडे झेंडे होते, आणि झेंड्याभोवती हिरवळीऐवजी वाळूत तेल कालवून चोपलेलं तपकिरी वर्तुळ. पाणी नाही तर तेल, ही युक्ती मला आवडली. आत एक गृहस्थ चेंडूकडे पाहत उभे होते, आणि त्यांच्याकडे पाहत चार माणसं. बराच वेळ काहीच घडलं नाही. मग ते गृहस्थ दोन पावलं मागे सरकले, तशी ती चारही सरकली. फाटकावरच्या शिपायानं आम्हाला अडवलं.

"सायब लोकाइसाठी हाये हे. तुमचं काय काम?"

"व्याही येऊन राहिले आमचे पुण्यावरून. एक दिवस खेळू द्याचं होतं."

"सरकारी हायत काय?"

"रिटायर हायत. कंपनीतून."

शिपायानं खरोखरच विचार केला. "मंग असं करा," तो म्हणाला, "पहिले त्याइले नोकरीत घ्या, मंग बदली इकडं करून घ्या."

मधूनं जीप चालू केली. परतवाडा आल्यावर म्हणाला, "चिखलदऱ्याचं पक्कं हाये. बोर्ड पाह्यला मी डोळ्यानं."

घाट चढताना हवा गार होत जाते आणि सागाची मोठमोठी पानं रस्त्यावर पापडासारखी चुरडत जातात. वर पोचलो तर बोर्ड खरंच होता: एका रिसॉर्टच्या दारात, गोल्फ खेळणाऱ्या गोऱ्या माणसाच्या चित्रासह. आत हिरवा गालिचा होता, प्लास्टिकचा. त्यावर सिमेंटची पवनचक्की, सिमेंटचा किल्ला आणि शेवटी सिमेंटचा वाघ, ज्याच्या जबड्यात चेंडू घालायचा. मॅनेजर टाय लावलेला होता. "सर, फॅमिली गोल्फ आहे आपलं," तो म्हणाला. "आजीबाईसुद्धा खेळू शकतात." हे त्यानं माझ्याकडे पाहून म्हटलं.

मधूनं वाघाचा जबडा वाकून तपासला. "इथं व्याह्याले आनलं तं?" त्यानं मला हळूच विचारलं.

"विहीण खूश होईन," मी म्हटलं. "व्याह्याचं सांगता येत नाही."

तरी त्यानं एक डाव खेळून पाहिलाच. पवनचक्की पार केली, किल्ला पार केला. वाघासमोर चेंडू ठेवून तो डोळा बारीक करतोय तोच भिंतीवरून एक वानेर उतरलं, चेंडू उचलला, चावून पाहिला, पसंत पडला नाही म्हणून दरीत फेकला. एवढा लांब आणि सरळ फटका त्या दोन दिवसांत आम्ही दुसऱ्या कोणाचा पाहिला नाही.

घाट उतरलो. मग परतवाड्याच्या अलीकडे एका रोपवाटिकेपाशी त्यानं जीप थांबवली. तिथं तयार हिरवळीचे चौकोन मातीसकट चटईसारखे गुंडाळून मिळत होते.

"शेतावर बी सोय होते, असं बोललोच हावो मी," तो म्हणाला. "हे तरी खरं करू. अंगणाएवढी जागा लावू, मधात एक खड्डा, एक झेंडा."

"रोज दोन टाइम पानी मारा लागन," रोपवाटिकावाला म्हणाला. "एक दिवस बी खाडा नाही."

जीपचा मागचा भाग गवतानं भरला. चांदूर बाजार ते मोर्शी मी मागे वळून वळून त्यावर पिण्याच्या पाण्याची बाटली शिंपडत होते. इतकी काळजी मी कुठल्याही नातलगाची घेतलेली नाही.

वरूडला पोचलो तेव्हा उन्हं कलली होती. बाग पाहून मी चरकले, आणि मग मला आठवलं. संत्र्याला आंबिया बहार (उन्हाळ्याच्या तोंडाशी येणारा फुलोरा) यावा म्हणून डिसेंबरात झाडांचं पाणी तोडतात. पानं मलूल होऊन वळतात, काळ्या जमिनीला हात जाईल अशा भेगा पडतात. याला ताण म्हणतात. जानेवारीत पाणी सोडलं की झाड जिवावर बेतल्यासारखं फुलतं. मध्येच पाणी मिळालं तर त्याला वाटतं सगळं ठीक चाललंय, आणि ते नुसती पानं काढत बसतं. माझ्या ओळखीची पुष्कळ माणसं या वर्णनात बसतात.

सपाट मोकळी जागा एकच होती: बोअरजवळचा धुरा (बांध), पहिल्या दोन ओळींना लागून. मधूनं हिरवळ तिथं अंथरली आणि पाइप उचलला. तेवढ्यात त्याची बायको सुलभा घरातून आली.

"अवो, काय करून राहिले? ताण मोडन नं झाडाइचा!"

"दोनच ओळी वं."

"पानी काय ओळी मोजून थांबते? अन् दोन ओळी तरी काहून? साल गेलं त्याइचं."

"मंग काय करू?" मधूचा आवाज चढला. "खोटा पडू त्याइच्यासमोर? पोरगी त्या घरी जाऊन राहिली. उद्या कोनी म्हनन तिले, तुया बापानं नुसत्या बढाया मारल्या. तवा तिनं काय सांगाव?"

सुलभा पहिल्या ओळीतल्या एका झाडापाशी गेली, एक पान बोटात धरलं आणि सोडून दिलं. ते आणखी आठेक दिवसांत पुरतं वळलं असतं. मधू त्या झाडाकडे पाहत राहिला. ही ओळ त्यानं आणि सुलभानं तेजूच्या जन्माच्या साली लावलेली. मग त्यानं पाइप खाली टाकला आणि खिशातून फोन काढला. तो नेहमी स्पीकरवरच बोलतो. खासगी बोलणं त्याला चोरटं वाटतं.

"बोला मधुकरराव!" व्याह्यांचा आवाज बागेत पसरला.

मधूनं थंडीची चौकशी केली. तुरीची हकीकत सांगितली. मग म्हणाला, "साहेब, ते गोल्फचं... नाही आहे."

"नाही म्हणजे?"

"म्हणजे अकोल्यात थ्या जागेवर लग्न लागून राहिले. अमरावतीत खेळाले बदली करून यावं लागते. चिखलदऱ्याले हाये, पन तिथं वानेर खेळते."

"आणि शेतावर काहीतरी सोय होते म्हणाला होतात."

"शेत ताणावर हाये. पानी नाही देता येत आता."

"कोणासाठीच?"

मधूनं सुलभाकडे पाहिलं. "कोनासाठीच."

"बरं," व्याही म्हणाले. "मग तीन दिवस कशाला? एकच रात्र येऊन जातो."

फोन बंद झाला. मधू धुऱ्यावर बसला. आयुष्यात पहिल्यांदा पाहुण्याला नाही म्हटल्यावर माणूस असाच दिसत असावा, रक्त काढून घेतल्यासारखा.

"आंघोळीले पानी हाये म्हनून तरी सांगतलं काय त्याइले?" सुलभानं विचारलं.

हिरवळ दुसऱ्या दिवशी सकाळी म्हशीला घातली. तिनं ती कडेपासून सुरुवात करून शिस्तीत संपवली.

नाताळात मी पुन्हा वरूडला गेले. व्याही आणि विहीणबाई आले होते; व्याही सवयीनं गोल्फची पिशवी घेऊनच. दुपारी रोडगे (गोवऱ्यांवर भाजलेले कणकेचे जाड गोळे) आणि वांग्याची भाजी झाली. तूप वाढताना सुलभानं कोणाचंही ऐकलं नाही. जेवण अंगावर येऊ नये म्हणून सगळे बागेत निघालो. झाडं तोवर अगदी माना टाकून उभी होती.

"आजारी आहेत का ही?" व्याह्यांनी विचारलं.

"नाही साहेब. उपाशी हायत. मुद्दाम ठेवली."

व्याह्यांनी भरल्या पोटावरून हात फिरवला आणि पुढे विचारलं नाही. धुऱ्यावर पोचल्यावर त्यांना राहवलं नाही. चेंडू ठेवून त्यांनी एक सुरेख, पुस्तकातल्यासारखा फटका मारला. चेंडू तापल्या जमिनीवर टणटण उसळत गेला, एका खोडावर आपटला आणि एका भेगेत गडप झाला.

"होल तं मोप हायत साहेब आमच्याकडे," मधू म्हणाला. "झेंडे लावाचे राह्यले फक्त."

मी तेजूकडे पाहिलं. ती या वेळी मान वर करून हसत होती, मोठ्यानं, बापासारखी. व्याही हसले की नाही ते टोपीमुळे कळलं नाही. पण ते इस्त्रीच्या पँटसकट गुडघ्यावर बसले आणि भेगेत हात घातला. कोपरापर्यंत गेला, चेंडू लागला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ठरल्याप्रमाणे ते निघाले तेव्हा शर्टाची ती बाही अजून काळीच होती. विहीणबाईंनी धुवायला मागितली, तर राहू दे म्हणाले. पाणी भरपूर होतं.

मी एस.टी.नं अमरावतीला परतले आणि ते जाड पुस्तक वाचनालयाला परत केलं. जानेवारीत मधूनं पाणी सोडलं. पुढे त्याचा फोन आला, की सगळ्या ओळी फुलल्या आहेत, पहिल्या दोनही, आणि वासानं घरात झोप येत नाही. भेगा मिटल्या, चेंडू आत राहिला. पुस्तकातल्या नियमाप्रमाणे हरवलेला चेंडू शोधायला तीन मिनिटं मिळतात, मग तो गेला असं मानून पुढे जायचं. मधूनं पुण्याला कळवलं, की पुढच्या डिसेंबरात ताण दिला की भेगा उघडतील, तेव्हा या. व्याह्यांनी ती मुदत मान्य केली आहे.