मल्हाररावांची टॉवेल-टोपी

मल्हाररावांना सगळं सोसायचं, पण लग्नात भोंग्यावरून नाव पुकारलं नाही तर त्यांच्या घशाखाली घास उतरायचा नाही. आपल्याकडची रीतच तशी. अक्षता पडायच्या आधी पाहुण्यांची नावं पुकारायची, एकेकाला टॉवेल-टोपी द्यायची. नवरदेव घामानं निथळत उभा राहिला तरी चालेल, पण नाव सुटलं तर सोयरीक तुटली म्हणून समजा.

घोंगड्यांचं दुकान औरंगाबादेत, घर पुंडलिकनगरात, आणि मेंढरं खुलताबादकडं डोंगराला. मेंढरं मल्हाररावांची म्हणायची एवढंच. खरी ती त्यांच्या बायकोची, म्हाळसाबाईची. तर एका कडाक्याच्या हिवाळ्यात मल्हाररावांनी घोंगड्यांच्या जोडीला गिरणीचे रग विकले आणि त्यावरचा विक्रीकर भरायचं सोयीनं विसरले. पुढं तो हिवाळा सगळेच विसरले. कचेरी तेवढी विसरली नाही.

बद्रीनाथ वकिलांनी समजावलं, की एवढं जुनं साल उघडायची मुदत येत्या मार्चअखेर संपते. तोवर नोटीस हातात पडली नाही तर सुटलात. पडली तर कर, दंड, व्याज, सगळं मिळून मेंढरं बाजारात न्यावी लागतील.

"मव्ह्या मेंढरांला हात लावायचा नाय," म्हाळसाबाई म्हणाल्या. "तुम्ही दडा कुठं तरी."

मल्हारराव महिनाभर दडले. कचेरीचा शिपाई बन्सी नवीनच बदलून आलेला, त्यानं त्यांचं तोंडही पाहिलेलं नव्हतं. नोटीस ज्याची त्याच्याच हातात द्यायची, असा त्याच्या साहेबाचा हुकूम. बिचारा पुंडलिकनगरात खेटे घालायचा. म्हाळसाबाई त्याला दर खेपेला चहा पाजायच्या आणि धनी रानात गेलेत म्हणून वाटेला लावायच्या.

मार्चच्या शेवटच्या दिवशीच सिल्लोडला मेहुण्याच्या, मुंजाबाच्या, पोरीचं लग्न निघालं. जाणं भाग होतं. मल्हाररावांनी मुंजाबाला आधीच बजावलं, की काय वाटेल ते होवो, माझं नाव पुकारू नको. आणि मांडवात पार मागं जाऊन बसले. शेजारी मांडीवर पिशवी घेतलेला एक किडकिडीत पाहुणा होता.

पुकारा सुरू झाला. सरपंच झाले, सोसायटीचे चेअरमन झाले. मांडववाला झाला, आचारी झाला. मल्हाररावांची चुळबुळ वाढत गेली. तेवढ्यात धाकटा साडू तात्यासाहेब वर गेला, आणि त्याला टोपी नाही, चक्क फेटा. आता मात्र मल्हाररावांना राहवेना.

"नवरीच्या सख्ख्या आत्याचा नवरा मी," ते शेजाऱ्याला म्हणाले. "अन् इथं आचाऱ्याला मान, मला नाय."

"कामून बरं?" शेजारी कळवळला. "जा की मामा, सांगा त्यायला. हक्काचं मागायला लाज कशाची?"

मल्हारराव ताडकन उठले. पुकारणाऱ्याच्या कानाला लागले आणि काय म्हणायचं तेही शब्दाशब्दानं सांगून आले. भोंगा कडाडला, "पुंडलिकनगरचे घोंगडी अन् रगांचे नामांकित व्यापारी, मल्हारराव!"

मुंजाबानं कपाळ बडवलं. मागं तो किडकिडीत पाहुणा उठून उभा राहिला. बन्सीच होता तो. नवरदेवाच्या गावचा, नोटीस काही बजावली जात नाही म्हणून हताश होऊन लग्नाला आलेला.

मल्हाररावांच्या डोक्याला फेटा बसला आणि समोर एक लिफाफा आला. आहेर समजून त्यांनी तो दोन्ही हातांनी घेतला, कपाळाला लावला. बन्सीनं अदबीनं पोचपावतीवर सही मागितली, तीही फोटोच्या नादात झोकात ठोकली. पुकारणाऱ्याला वाटलं हाही सत्कारच. त्यानं सगळ्या मांडवाला ऐकवलं, "विक्रीकर कचेरीतर्फे बन्सीभाऊंच्या हस्ते!" टाळ्या पडल्या. एकट्या म्हाळसाबाईंनी वाजवल्या नाहीत.

पण वकिलानं अपील केलं, वसुलीला स्थगिती मिळाली, आणि तेव्हा एक गोष्ट कळली. मुदत काय ती भांडण उघडायला असते. मिटवायला तशी घाई कुणालाच नसते. तारखा पडत राहिल्या. साहेब बदलले, वकिलांचे केस पांढरे झाले, डोंगरावर मेंढरांच्या कितीतरी पिढ्या चरून गेल्या, पण एकही बाजारात गेलं नाही. तारखेला भेटून भेटून मल्हारराव आणि बन्सी यांचं असं गूळपीठ जमलं, की बन्सीनं पोरीच्या लग्नात पहिलं नाव यांचंच पुकारलं.

मल्हारराव टोपी सावरत उठायला लागले. म्हाळसाबाईंनी मागून धोतराचा सोगा धरला.

"बसा खाली. हातात काय देतेत ते आधी बघू द्या मला."